इन्व्हर्टर, मेमरी, रिसेट, ५जी: एकाच नावाच्या दोन-दोन वस्तू

काळी_माती (अंबाजोगाई)

मंडळी, हा धागा मनापासून काढतोय. अंबाजोगाईत माझं कॉम्प्युटर-मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. इतक्या वर्षांत एक गोष्ट रोज बघतोय. कितीतरी जण बिघडलेली वस्तू घेऊन येतात आणि वस्तू धडधाकट असते. घेताना जो शब्द ऐकला होता त्याचा अर्थ वेगळा होता, एवढंच.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. केजकडच्या एका खेड्यातले काका आले. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, ऊन चाळिशीच्या वर, दुपारी तीन-तीन तास लाइट नाही. काकांनी हरभऱ्याचे पैसे आले तसे तालुक्याला जाऊन दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घेतला. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली पावती त्यांनी माझ्या काउंटरवर उलगडली. ‘इन्व्हर्टर’ या शब्दाखाली निळ्या पेनाची रेघ मारलेली. म्हणले, "हे बगा, इन्व्हर्टर लिहिलंय ना? मग लाइट गेली की बंद का पडायलाय?"

मी त्यांना बसवून समजावून सांगितलं. त्यांनी पावतीची पुन्हा तशीच घडी घातली आणि "आता पोरीला काय सांगू" एवढंच म्हणले. ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. त्या यंत्राचं नाव खरंच इन्व्हर्टर एसी आहे. आपल्या घरात बॅटरीवर जो असतो तोही इन्व्हर्टरच. दोन्ही नावं बरोबर आहेत आणि म्हणूनच घोळ होतो.

मुळातून सांगतो. बॅटरीतली वीज एकाच दिशेने वाहते, तिला डीसी म्हणतात. खांबावरून येणारी वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते, ती एसी. (हा प्रवाहाचा एसी, थंड हवेचा नव्हे. बघा, इथेच पहिली जोडनावाची वस्तू आली.) डीसीची एसी करून देणारं जे काही असेल त्याला इन्व्हर्टर म्हणतात.

घरातला इन्व्हर्टर बॅटरीतल्या १२ व्होल्ट डीसीपासून २३० व्होल्ट एसी तयार करतो. म्हणून लाइट गेली तरी पंखा फिरतो.

इन्व्हर्टर एसीत बॅटरी नसतेच. खांबावरून आलेली वीज तो आधी डीसी करतो आणि मग तिची पुन्हा एसी करतो, पण आता ५० चं बंधन नाही, हवी तितकी कमी-जास्त. त्यावर कॉम्प्रेसर हळू किंवा जोरात चालवता येतो. साधा एसी पूर्ण जोरात चालतो नाहीतर बंद होतो. इन्व्हर्टरवाला खोली थंड झाली की हळू होतो, त्यामुळे बिल कमी येतं, चालू होतानाचा झटका नसतो. फायदा खरा आहे, पण वीज त्याला खांबावरूनच लागते. इन्व्हर्टर फ्रिज, इन्व्हर्टर वॉशिंग मशीन, सगळ्यांचं हेच.

‘घरच्या इन्व्हर्टरवर एसी लावू का’ हाही प्रश्न दर उन्हाळ्यात येतो, तर हिशोब करून बघा. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात साधारण दीड-पावणेदोन हजार वॅट ओढतो. नेहमीच्या ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरमधून जेमतेम सातशे वॅट मिळतात, कारण व्हीए आणि वॅट एक नव्हे. १५० एएचची बॅटरी म्हणजे १५० गुणिले १२, १,८०० वॅट-तास, आणि त्यातले हाताला लागणारे त्याहून कमी. त्यावर ७५ वॅटचे तीन जुने पंखे आणि चार एलईडी बल्ब चार-पाच तास चालतील. पंखे बीएलडीसी घेतले, म्हणजे तीसेक वॅटचे, तर तेवढ्याच बॅटरीत जवळपास दुप्पट वेळ. काकांना एसीऐवजी दोन बीएलडीसी पंखे आणि एक कूलर पुरला असता. पण हे त्यांनी आधी कोणाला विचारावं तर कोणाला?

तुम्हाला असा कोणता शब्द महागात पडला ते लिहा. मला माहीत असेल ते मी सांगेन, बाकीचं बाकीचे सांगतील. दुकानाचं, कंपनीचं नाव लिहू नका, शब्दावरच बोलू.


दुधना (सेलू)

दादा, मग सोलरचा इन्व्हर्टर तिसराच का? आमच्या मेव्हण्याने पीएम सूर्यघर योजनेतून छतावर ३ किलोवॅटचं बसवलं. ७८,००० अनुदान जमा झालं, बिल जवळजवळ शून्यावर आलं, सगळं चांगलं. पण लाइट गेली की भर दुपारी, डोक्यावर ऊन तापलेलं असताना, घर बंद! बसवणारा माणूस म्हणतो, "इन्व्हर्टर नॉर्मल आहे." त्याची बायको म्हणती, "ऊन आपलं, पत्रे आपले, मग वीज का नाही?" फॉल्ट आहे का त्यात?


लेंडीकाठ (देगलूर)

याचं उत्तर मला देऊ द्या. मी लाइनमन आहे.

दुधनाभाऊ, फॉल्ट नाही. तुमच्या मेव्हण्याकडचा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर आहे. तो खांबावरच्या विजेच्या तालावर स्वतःचा ताल धरतो आणि उरलेली वीज तारेवर देतो, मीटर ती मोजतं. तारेवरची वीज गेली की तो काही क्षणांत मुद्दाम बंद होतो. तसं करणं त्याला बंधनकारकच आहे.

का, ते सांगतो. लाइट जाते तेव्हा बऱ्याचदा आमच्यातलाच कोणीतरी खांबावर चढलेला असतो. फिडर बंद केलेला असतो, परमिट घेतलेलं असतं, तार मेलेली आहे असं समजून आम्ही हात घालतो. तेव्हा एखाद्या छतावरून उलटी वीज तारेत आली तर? डीपी (खांबाजवळचा ट्रान्सफॉर्मर) दोन्हीकडून चालते, हे लोकांना माहीत नसतं. वरून ११,००० व्होल्ट आले की खाली घराला २३० मिळतात. खालून २३० ढकलले तर वर ११,००० तयार होतात. तेव्हा तुमचा सोलर बंद पडतो तो माझ्यासारख्या माणसासाठी पडतो.

लाइट गेल्यावरही सोलर चालावं असं वाटत असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. तो आधी घर तारेपासून तोडतो आणि मग घरापुरती वीज देतो. खर्च बराच वाढतो. म्हणून घेण्याआधीच विचारायचं: ऑन-ग्रिड, ऑफ-ग्रिड (तारेला न जोडलेला) की हायब्रिड?

आणि हात जोडून एक सांगतो. लग्नाकार्यात जनरेटर आणून थेट बोर्डात वायर खोचतात. मध्ये चेंजओव्हर स्विच (एका वेळी तार किंवा जनरेटर, एकच जोडणारा) लावल्याशिवाय कधीच करू नका. जनरेटरला सोलरसारखी अक्कल नसते, तो वीज उलटी सोडतच राहतो.


काळी_माती

लेंडीकाठ भाऊ, ही पोस्ट छापून दुकानात लावतो. डीपी उलटी चालते हे गिऱ्हाइकांना सांगावं असं मला कधी सुचलंच नव्हतं.


दुधना

मेव्हण्याला वाचून दाखवलं. आता लाइट गेली की वहिनी म्हणती, "वर कोणीतरी चढलंय."


मांजराकाठ (लातूर)

सर, मी लातूरला क्लासेससाठी राहतो. पप्पांनी नवीन मोबाईल घेऊन दिला. खोक्यावर मोठ्या अक्षरात १६ जीबी रॅम, आणि बाजूला चांदणी. खाली बारीक अक्षरात ८+८. मित्राचा १२ जीबीचा माझ्यापेक्षा फास्ट चालतो. दुसरं, ‘मेमरी फुल’ म्हणून सारखं येतंय, पण ६४ जीबीचं कार्ड तर रिकामंच आहे. मेमरी नक्की कोणती फुल झाली?


काळी_माती

बाळा, मेमरी हा आपल्याकडचा सगळ्यात जास्त घोळ घालणारा शब्द. काउंटरवर रॅमला मेमरी म्हणतात, आतल्या साठवणीला मेमरी म्हणतात, कार्डालाही मेमरीच. ‘एक मेमरी द्या’ म्हणून गिऱ्हाईक येतं तेव्हा मला आधी विचारावं लागतं, कशाची?

तुझ्या घरी शेती असेल तर असं बघ. जुन्या वाड्यातलं बळद म्हणजे स्टोरेज. धान्य तिथे वर्षभर राहतं, लाइट असो नसो. खळं म्हणजे रॅम. काम खळ्यावर चालतं, कणसं पसरायची, मळायची, उफणायची. काम संपलं की खळं झाडून मोकळं. फोन बंद केला की रॅम अशीच मोकळी होते, त्यात काही उरत नाही. खळं मोठं असलं तर एका वेळी जास्त काम मांडता येतं. फोटो, गाणी, व्हिडिओ खळ्यावर राहत नाहीत, ते बळदात जातात. म्हणून ‘फोटो मावत नाहीत, रॅम वाढवा’ ही मागणीच चुकीची.

आता तुझं ८+८. खरं खळं ८ जीबीचंच आहे. वरचे ८ म्हणजे बळदातला एक कोपरा खळ्याच्या नावाने राखून ठेवलाय. खळ्यावर गर्दी झाली की फोन काही पोती तिकडे नेऊन ठेवतो, लागली की परत आणतो. ने-आण करायला वेळ लागतो, कारण स्टोरेज रॅमपेक्षा पुष्कळ हळू असतं. याला व्हर्च्युअल रॅम म्हणतात. मागे ठेवलेली ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडावी लागू नयेत यासाठी तिचा थोडा उपयोग आहे. पण ती १६ नव्हे. मित्राची १२ अख्खी खरी असेल तर रॅमच्या बाबतीत तो तुझ्या पुढेच राहणार. खोक्यावर चांदणी दिसली की ती खाली कुठे उतरते ते वाचल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत.

‘फुल’ झालंय ते आतलं स्टोरेज. कार्ड ही वेगळी कोठी आहे आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचे फोटो-व्हिडिओ आतल्याच बळदात पडतात, कार्डावर आपोआप जात नाहीत. सेटिंगमध्ये स्टोरेज उघड, काय किती जागा खातंय ते दिसेल. क्लासच्या ग्रुपवरचे व्हिडिओच निघतील बहुतेक.


मांजराकाठ

बरोबर सर, ३१ जीबी नुसतं व्हॉट्सॲप. आणखी एक. रूमवर १ टीबीची हार्ड डिस्क आणली, कॉम्प्युटरवर ९३१ जीबीच दाखवतंय. ६९ कुठं गेले?


काळी_माती

कुठंच गेले नाहीत. डिस्क बनवणारे हजाराने मोजतात, १ टीबी म्हणजे १ वर बारा शून्यं एवढे बाइट. विंडोज १,०२४ ने मोजतं आणि लिहितं मात्र जीबीच. बारा शून्यांच्या त्या आकड्याला तीन वेळा १,०२४ ने भाग, ९३१ येतात. या दुसऱ्या मोजणीला गिबीबाइट असं वेगळं नाव १९९८ पासून आहे, पण विंडोजने ते घेतलं नाही. जुन्या शेराचा आणि किलोचा जसा फरक, तसा. डिस्क चांगली आहे, वापर.


कयाधू (हिंगोली)

हा धागा दोन दिवस वाचतेय. लिहावं की नाही ठरत नव्हतं.

माझा शब्द ‘रिसेट’.

बाबा गेले त्याला दोन वर्षं होतील. त्यांचा फोन आई वापरते. मी नोकरीला बाहेरगावी. गेल्या पावसाळ्यात फोन हँग व्हायला लागला, टच चालेना. आईने शेजारच्या मुलाकडून सर्व्हिसवाल्यांना फोन लावला. तिकडून सांगितलं, "रिसेट मारा, होऊन जाईल." त्याआधी कधीतरी मीच आईला सांगितलं होतं की फोन अडकला तर रिस्टार्ट कर, काही होत नाही. आईला रिस्टार्ट आणि रिसेट एकच वाटले. तो मुलगा बटणं दाबत गेला, स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी आलं, आई म्हणाली, "हो म्हण."

फोटो परत आले, कारण बाबांचं खातं मी सुरुवातीलाच जोडून दिलं होतं. पण नाथषष्ठीला आम्ही सगळे पैठणला गेलो होतो, तेव्हा गोदावरीच्या घाटावर बसून बाबांनी एक गौळण म्हटली होती. चार मिनिटांची. रेकॉर्डरवर आईनेच घेतली होती. ती नाही आली. आई रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की ती ऐकायची.

आईला मी अजून सांगितलेलं नाही की तिच्या ‘हो’मुळे गेली. ‘फोन बिघडला होता’ एवढंच सांगितलंय. त्या सर्व्हिसवाल्याला एवढंच म्हणायला पाहिजे होतं: "बाई, आतलं सगळं पुसलं जाईल, चालेल का?" एक वाक्य.


लेंडीकाठ

ताई, वाचून जीव कालवला. आईंना सांगू नका, तेच बरोबर आहे.


काळी_माती

ताई, काय बोलू. हे वाक्य आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने बोललंच पाहिजे, दोन वेळा बोललं पाहिजे. मी आता लिहून सही घेतो.

हा धागा वाचणाऱ्या सगळ्यांसाठी नीट लिहितो.

रिस्टार्ट म्हणजे बंद करून पुन्हा चालू. काहीही जात नाही. दिवसातून दहा वेळा करा.

रिसेट हे दोन-तीन वेगळ्या गोष्टींचं सामाईक आडनाव आहे. नेटवर्क सेटिंग रिसेट केलं तर वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात, फोटो राहतात. फॅक्टरी डेटा रिसेट केला तर फोन कारखान्यातून आला तसा कोरा होतो. ‘फॉरमॅट मारणे’ म्हणजे तेच. ‘सॉफ्टवेअर मारणे’ म्हणतात त्यातही बहुतेक वेळा सगळं पुसलं जातं. तेव्हा कोणीही ‘मारू का’ म्हणलं की आधी विचारा, "माझे फोटो, नंबर, रेकॉर्डिंग राहतील का?" हो किंवा नाही, एवढंच उत्तर घ्या.

रिसेटनंतर ‘रिकव्हर करून देतो’ म्हणून हजारो रुपये मागणारे भेटतील. आजच्या अँड्रॉइड फोनमध्ये साठवण कुलूपबंद असते आणि फॅक्टरी रिसेटमध्ये त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. आतलं परत निघत नाही. पैसे देऊ नका.

बॅकअप आणि सिंक हीसुद्धा अशीच जोडी आहे. सिंक म्हणजे दोन जागा सारख्या ठेवणं. गूगल फोटोजमध्ये एकीकडे डिलीट केलं की दुसरीकडूनही जातं, बॅकअप झालेला फोटो ६० दिवस कचऱ्याच्या डब्यात असतो, मग कायमचा गेला. बॅकअप म्हणजे वेगळी प्रत, जिला पहिलीतली चूक शिवत नाही. शिवाय त्या ॲपमध्ये फक्त फोटो आणि व्हिडिओ जातात. आवाजाचं रेकॉर्डिंग जात नाही, तुमच्याकडे नेमकं तेच झालं.

ताई, एक विचारतो. ती गौळण बाबांनी किंवा आईने कधी कोणाला व्हॉट्सॲपवर पाठवली होती का? पाठवलेल्या वस्तूची प्रत घेणाऱ्याच्या फोनमध्ये वेगळी राहते. आपल्या फोनचं काहीही झालं तरी ती तिकडे असते. नातेवाइकांना विचारून बघा.


कयाधू

आईने कोणाला पाठवल्याचं आठवत नाही म्हणते. बाबांच्या भजनी मंडळाचा एक ग्रुप होता. विचारते.


तहसील_निवृत्त (परभणी)

तरुण मित्रांनो, मी महसूल खात्यात ३४ वर्षं काढली. तुमचा विषय मला फार ओळखीचा वाटला.

आमच्या मराठवाड्यात निजामाच्या राजवटीतून आलेली कागदपत्रं वाचायची म्हणजे पाहणीपत्रक, खासरा पत्रक, असले शब्द आधी कळावे लागत. १९४८ ला आपण मुक्त झालो, पण कपाटातल्या मिसलींची भाषा एका रात्रीत बदलली नाही. शेतकरी यायचा, त्याच्या हातात उतारा असायचा, आणि ‘कब्जा’ आणि ‘मालकी’ यांतला फरक माहीत नसल्यामुळे दोन पिढ्या कोर्टात गेलेल्या मी पाहिल्या. शब्दाच्या मागे जमीन असायची. तुमच्या शब्दांच्या मागे काय असतं ते कयाधूताईंनी सांगितलं.

माझी सूचना अशी की या सगळ्यांना मराठी शब्द द्यावेत. संगणक रुळला, कळफलक रुळला. रॅमला कार्यस्मृती, स्टोरेजला साठवण का म्हणू नये?


काळी_माती

काका, साठवण मला मनापासून आवडतो, मीही वापरतो. पण दुकानात जाताना रॅम, स्टोरेज हेच शब्द तोंडात असू द्यावेत असं माझं मत आहे. खोक्यावर, पावतीवर, वॉरंटी कार्डावर तेच छापलेलं असतं, आणि भांडायची वेळ आली तर तेच कामाला येतं. समजावून सांगताना मात्र मराठीच. तुम्हीच तर शेतकऱ्याला खासरा हा शब्द ठेवून त्याचा अर्थ मराठीत सांगत होता.


तहसील_निवृत्त

हे पटलं. शब्द त्यांचा, अर्थ आपला.


बालाघाट (धारूर)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. लोकवर्गणीतून मोठा टीव्ही घेतला. माझ्या फोनला टाइप-सी, टीव्हीला एचडीएमआय, म्हणून सी टू एचडीएमआय वायर मागवली. काहीच दिसेना. वायर बदलून आणली, तरी तेच. सहकारी शिक्षिकेचा फोन लावला तर पहिल्या झटक्यात चित्र आलं! दोघांचंही भोक सारखंच.


काळी_माती

सर, टाइप-सी हे फक्त भोकाच्या आकाराचं नाव आहे. त्या भोकातून काय काय जातं ते आतल्या सर्किटवर ठरतं. एकातून नुसतं चार्जिंग आणि ४८० एमबीपीएसचा यूएसबी २.० डेटा, दुसऱ्यातून त्याच्या दहापट वेग, तिसऱ्यातून टीव्हीचं चित्रही. बाहेरून तिन्ही सारखी. मॅडमच्या फोनमध्ये चित्र बाहेर काढायची सोय आहे, तुमच्यात नाही. युरोपात डिसेंबर २०२४ पासून मोबाईलला हेच भोक सक्तीचं झालं, आयफोननेही २०२३ मध्ये ते घेतलं, त्यामुळे चार्जरची कटकट कमी झाली. पण भोक एक झालं म्हणून काम एक झालं नाही. तुम्ही टीव्हीलाच वायफायने फोन जोडून बघा, बहुतेक स्मार्ट टीव्हीत ती सोय असते. वायरला आणखी पैसे घालू नका.


दुधना

माझा आता दुसरा. घरी फायबर घेतलं, राउटरवर दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ५जी. पोराने सांगितलं, आपल्याकडे ५जी आलं. माझा फोन ४जीच आहे तरी ते जोडलं गेलं, मला नवल वाटलं. पण आतल्या खोलीत गेलो की तुटतं. वाडा जुना, माळवदाचा, भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन हात जाड. आणि प्लॅन १०० चा आहे, डाउनलोडला १२ च्या वर जात नाही.


काळी_माती

तुमच्या एका पोस्टमध्ये दोन जोडनावं आहेत.

टॉवरचं ५जी म्हणजे मोबाईल नेटवर्कची पाचवी पिढी, जी भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. राउटरवरचं ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, रेडिओलहरींचं माप. एकमेकांशी काही संबंध नाही. राउटरचं दुसरं नाव २.४ गिगाहर्ट्झचं असतं. ५ वाली लहर डेटा वेगाने नेते पण भिंतीत लवकर दमते. २.४ वाली हळू, पण जाड भिंतीतून जास्त आत जाते. माळवदाच्या वाड्यात राउटर चौकाकडे उघडणाऱ्या ओसरीत, उंचावर ठेवा. आतल्या खोलीत २.४ ला जोडा.

१०० आणि १२ चं कोडं: प्लॅन मेगाबिटमध्ये विकतात, डाउनलोड मेगाबाइटमध्ये दिसतं. आठ बिटचा एक बाइट. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. तुम्हाला पुरेपूर मिळतंय.


लेंडीकाठ

पॉवर बँकचं पण सांगा. २०,००० लिहिलंय, माझी फोनची बॅटरी ५,००० ची, चार वेळा व्हायला पाहिजे. तीन वेळाही होत नाही. वारीत न्यायला घेतला होता.


काळी_माती

ते २०,००० एमएएच आतल्या सेलचे, ३.७ व्होल्टवर मोजलेले. म्हणजे ७४ वॅट-तास. बाहेर ५ व्होल्टने देताना तेच १४,८०० होतात, आणि वर थोडी गळती. पॉवर बँकच्या पाठीवर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ लिहिलेली असते, घेताना तीच बघायची. नाहीतर वॅट-तास बघा, तो आकडा व्होल्टेज बदललं तरी बदलत नाही.


मांजराकाठ

सर, मी हे सगळं वहीत लिहून काढलं आणि गावाकडं पप्पांना वाचून दाखवलं. त्यांना बळद आणि खळं ऐकून लगेच कळलं. आता शेजारच्या काकांचा मोबाईल घ्यायला मलाच सोबत नेणार आहेत.


कयाधू

सापडलं.

भजनी मंडळाचे पखवाजवाले काका कळमनुरीला असतात. त्यांच्या जुन्या फोनमध्ये, ग्रुपच्या फोल्डरमध्ये होतं. पैठणची ती घाटावरची गौळण नाही. काकड्याच्या वेळची दुसरी आहे, एक मिनिट चाळीस सेकंदांची. टाळ मोठे वाजतायत, पुढे सगळे मिळून म्हणतात तेव्हा बाबांचा आवाज वेगळा काढता येत नाही. पण पहिली ओळ त्यांनी एकट्याने घेतलीय. त्याआधी ते एकदा खाकरतात, तेसुद्धा आलंय.

माझ्या फोनमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये आणि भावाकडे अशा तीन प्रती केल्या. आईच्या फोनच्या पहिल्या पानावर ठेवलंय, एका बोटात लागेल असं. आई म्हणाली, "ही माझीवाली नव्हं." मग पुन्हा लावायला सांगितली.